पाचचा चहा

नीळकंठराव पाग्यांचा चहा एका रविवारी बंद झाला, आणि बंद करताना त्यांना कोणी विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चहा गेल्याचा त्यांना राग आला होताच, पण न विचारल्याचा राग त्याच्या दुप्पट होता.

निमित्त झालं ब्लडप्रेशरचं. सहामाही तपासणीत वरचा आकडा थोडा चढलेला निघाला. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, मीठ जरा बेतानं खा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. चहाचं त्यांनी नावसुद्धा काढलं नव्हतं. पण डॉक्टरपेक्षा घरच्यांना जास्त कळतं, ही आपल्याकडची जुनीच रीत. संध्याकाळपर्यंत सून शमिकाने फोनवर बरंच काही वाचून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर निकाल लागला. दूध-साखरेचा चहा उद्यापासून बंद, त्याऐवजी हर्बल टी. मुलगा समीर पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला की बरोबर आहे, तसंही बाबांचं चहाचं फार होतं. आणि नीळकंठरावांची बायको मंदाकिनी, जी लग्नापासून रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या शेजारी कप घेऊन बसत आली होती, ती भाजी वाढत राहिली. तिच्या तोंडून चहाच्या बाजूने एक अक्षर निघालं नाही.

हे त्यांना फार लागलं. सून काय, नव्या जमान्याची. मुलगा काय, बायको म्हणेल त्याला मान हलवणारा, आणि नोकरीपायी अर्धा आठवडा इंदूरला असणारा. पण मंदाकिनी? भोपाळच्या सोनागिरीतल्या त्या घराच्या व्हरांड्यात पाचचा चहा म्हणजे त्या दोघांचं दैवत होतं. नीळकंठराव कारखान्यात फोरमन होते, तेव्हाही पाळीवरून आले की आधी हातपाय धुवायचे आणि मग वेताच्या खुर्चीत बसून बशीत चहा ओतायचे. मंदाकिनी दुसऱ्या खुर्चीत बसायची. गार होऊ नये म्हणून ती आपल्या कपावर बशी झाकून ठेवायची आणि मधूनमधून ती उचलून लहान लहान घोट घ्यायची. ते कारखान्यातलं, पेपरातलं, गल्लीतलं सांगत; ती हं म्हणे. "चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो," असं ते जवळजवळ रोज म्हणत, आणि ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवी. अशी ही चहाची सोबतीण चहा सुटल्यावर कासावीस व्हायला हवी होती की नाही? पण तिला डोकेदुखी नाही, जांभई नाही, काही नाही. तिने पाचचा चहा असा सोडला, जणू तो कधी घेतलाच नव्हता. बायकांना कशाचंच प्रेम नसतं, असा निष्कर्ष नीळकंठरावांनी काढला आणि तो मनातच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. काळा, चकचकीत, सोनेरी अक्षरांचा डबा. त्यावर फायदे छापले होते: प्रतिकारशक्ती वाढते, ताण उतरतो, पचन सुधारतं आणि चेहऱ्यावर तेज येतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने चेहऱ्यावरचं तेज घेऊन सोनागिरीत कोणाला दाखवायचं, हे त्या डब्यावर छापलेलं नव्हतं. आत तुळस होती, दालचिनी होती, जास्वंदीच्या वाळक्या पाकळ्या होत्या आणि पिवळट काड्यांचा चुरा होता. शमिका सकाळी ऑफिसला निघण्याआधी एक मोठा मग भरून द्यायची आणि संध्याकाळी आल्यावर दुसरा.

"पूरा फिनिश करा हं, बाबा," ती म्हणायची. "एकदम नॅचरल आहे. याला काही साइड इफेक्टच नाही."

मुलगी वाईट नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. तिच्या वडिलांना अरेरा कॉलोनीतल्या राहत्या घरी, तिच्या डोळ्यांसमोर अटॅक आला होता आणि ते त्यातून उठले नव्हते. तेव्हापासून घरातल्या कोणाच्याही रिपोर्टमध्ये एखादा आकडा वर गेला की तिची झोप उडायची. त्या भीतीपोटी ती डब्यावर लिहिलेल्या एका चमच्याऐवजी दोन चमचे टाकायची. चांगल्या गोष्टीचं जास्त झालं तर जास्त चांगलं, असा साधा हिशेब. "आईंना नका सांगू मी डबल टाकते ते," तिने एकदा हळूच सांगितलं. "त्या म्हणतील, एवढा महागाचा डबा आणि उधळते बघा."

इकडे मंदाकिनीच्या मनात त्या डब्याविषयी काय होतं ते तिने जेवणाच्या टेबलावर दाखवलं नव्हतं, म्हणून ते नव्हतं असं नाही. तिचं माहेर ग्वाल्हेरचं. थंडी पडली की तिथे चुलीवर काढ्याचं पातेलं चढायचं, आणि शेजारपाजारची माणसं कप घेऊन यायची. काढा या विषयात आपल्याला कोणी शिकवावं, तेही डब्यावरचं वाचून, हे तिला सहन होणारं नव्हतं. शमिकाची स्कूटर गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली की ती ज्येष्ठमधाच्या काड्या ठेचायला घ्यायची. त्यात मागच्या अंगणातल्या अडुळशाची पानं, मिरे, आलं आणि खडीसाखर. पाणी आटून अर्धं व्हायचं, आणि मग पेला समोर यायचा. एकदा अकराच्या सुमाराला, एकदा चारला.

"त्या डब्यातल्या भुशाने काय होणार आहे?" ती म्हणायची. "हे घ्या. खोकलाही जाईल आणि छातीही मोकळी होईल. शमिकाला मात्र बोलू नका. तिला वाटेल मी तिला नावं ठेवते."

नीळकंठरावांना खोकला नव्हता. हिवाळ्यात एकदा ठसका लागला होता, तेवढ्यावर हा काढा सुरू झाला होता आणि आता उन्हं तापायला लागली तरी थांबला नव्हता. पण त्यांचा स्वभाव असा, की कारखान्यात तीनशे माणसांवर आवाज चढवणारा हा माणूस घरात कोणाचं मन मोडू शकत नसे. सुनेचा मग परत केला तर तिचा चेहरा उतरणार. बायकोचा पेला नाही म्हटला तर चार दिवस स्वयंपाकघरातून नुसते भांड्यांचे आवाज. म्हणून ते दोन्ही पीत राहिले. दोन्हींना तीच एक गोडी होती, जिभेच्या मागे चिकटून बसणारी, पाणी प्यायलं तरी न जाणारी. हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण चव कशी आहे, हेसुद्धा त्यांना कोणी विचारलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

महिना गेला, दुसरा गेला. ब्लडप्रेशर उतरायचं सोडून चढत चाललं. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, मग तिसरी. पावलं संध्याकाळी फुगायला लागली, चपलेचा पट्टा पायावर वळ उमटवू लागला. जिना चढताना मांड्यांत जीवच नाहीसा होई. आणि घरात चर्चा सुरू झाली. एवढं सगळं करूनही फरक का नाही? लोणचं आधीच बंद झालं होतं. पापड बंद झाले. मग उरलं कोण? चहा उरला. म्हणजे बाबा बाहेर चोरून चहा पीत असणार.

हा आरोप समीरने एका शनिवारी समोर बसून केला. त्याचा सूर मोठा समजूतदार होता, लहान मुलाला पाटीवरची चूक दाखवावी तसा. "बाबा, मी रागावणार नाही. खरं सांगा. गोविंदकडे घेता ना?"

नीळकंठरावांच्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. गोविंदची चहाची टपरी बाजाराच्या तोंडाशी होती. रोज सकाळी ते तिथे जायचे हे खरं. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेला जितेंद्र तिथल्या बाकावर यायचा, आणि दोघं कारखान्याच्या गोष्टी बोलायचे. जितेंद्र अर्धा ग्लास कट चाय घ्यायचा, त्याबरोबर पोहे खायचा. नीळकंठराव वास घ्यायचे. नुसता वास. उकळत्या दुधात ठेचलेलं आलं पडलं की जो दरवळ सुटतो, त्याच्यावर त्यांनी इतके दिवस काढले होते. कारण त्यांनी शब्द दिला होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण त्यांनी शब्द दिला होता आणि पाळला होता. आणि आता मुलगा म्हणतो खरं सांगा.

"मी एक घोटही घेतलेला नाही," ते म्हणाले.

समीरने शमिकाकडे पाहिलं, शमिकाने मंदाकिनीकडे पाहिलं, आणि मंदाकिनीने खाली पाहिलं. त्या तीन नजरांतून नीळकंठरावांना कळलं की आपल्यावर कोणाचाही विश्वास नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ती अशी. ते ताडकन उठून बाहेर जाणार होते, पण पाय साथ देईनात म्हणून हळू उठून बाहेर गेले. रागाची त्यातही फजिती झाली.

सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे टपरीवर पोचले. जितेंद्रने सरकून जागा दिली. गोविंद कढईत चमचा फिरवत होता, तो त्यांच्याकडे बघेना. मग हातातला चमचा ठेवून, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलला. खालच्या म्हणजे त्याच्या मते खालच्या.

"बाबूजी, बुरा मत मानना. कल भैया आए थे. बोल के गए हैं कि बाबूजी को चाय मत देना, चाहे कितना भी माँगें."

बाकावर कारखान्यातले दोघं-तिघं बसले होते. पलीकडे भाजीवाली होती. सगळ्यांनी ऐकलं. जितेंद्रचा ग्लास ओठांपाशीच थांबला. कितना भी माँगें! नीळकंठराव पाग्यांनी आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. कारखान्यात बढतीसाठी साहेबाच्या दारात उभे राहिले नव्हते. आणि आज त्यांचा मुलगा येऊन सांगून गेला, की हा म्हातारा चहाची भीक मागेल, घालू नका. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना नुसता संताप आला आणि त्या संतापाला कुठे टाकावं ते सुचेना.

ते उठले. जितेंद्र मागून हाका मारत होता. वळणावरच्या पिंपळापर्यंत ते पोचले आणि तिथे त्यांच्या दोन्ही मांड्या एकदम कापसाच्या झाल्या. छातीत धडधड अशी उठली की कधी जोरात, कधी गायब. पाराच्या कठड्याला धरून ते खाली बसले, आणि मग बसवेनाही. जितेंद्रने आणि गोविंदने त्यांना उचलून रिक्षात घातलं. वाटेत गोविंद सारखं म्हणत होता की बाबूजींना मी काही बोलायला नको होतं.

हॉस्पिटलात मंदाकिनी आली, शमिका ऑफिसातून धावत आली, दुपारपर्यंत समीर इंदूरहून आला. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. रक्तातलं पोटॅशियम भलतंच उतरलं होतं; हातापायांत जोर नव्हता तो त्यामुळे, आणि हृदयाचे ठोके चुकत होते तेही त्यामुळेच. सलाइन लागलं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती, प्रतिभा शेवडे, तीही ग्वाल्हेरकडचीच निघाली. आडनाव वाचून ती मराठीत बोलायला लागली. असं एकदम का व्हावं, याचा तिला उलगडा होत नव्हता.

"काका दिवसभरात काय काय घेतात?" तिने विचारलं. "गोळ्यांशिवाय. काढा, चूर्ण, कोई देसी दवाई?"

प्रश्न काकांबद्दल होता, काका समोर पडले होते, शुद्धीवर होते, आणि तोंडात जीभ होती. उत्तरं मात्र बाकीच्यांनी दिली. शमिका म्हणाली की नॉर्मल घरचं खाणं असतं. मंदाकिनी म्हणाली, विशेष काही नाही. आणि समीर घसा साफ करून म्हणाला, "डॉक्टर, खरं सांगायचं तर चहा. बाहेर चोरून पितात, आम्ही खूप समजावलं."

तेव्हा नीळकंठराव उठून बसले. सलाइनच्या नळीसकट उठून बसले, आणि कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर मात करणारा त्यांचा तो जुना आवाज वॉर्डभर गेला.

"मला कोणी विचारलं का? सकाळी सून मग भरून पाजते. अकरा वाजता बायको काढा पाजते. चारला पुन्हा काढा. संध्याकाळी पुन्हा मग. ही म्हणते तिला सांगू नका, ती म्हणते हिला सांगू नका. दोन्ही एकाच चवीचे, गोड, चिकट. आणि चोर कोण? मी! ज्याने चहाच्या थेंबाला हात लावला नाही तो. या घरात एकानेही मला विचारलं का, की बाबा रे, तुला काय प्यायचंय?"

वॉर्डातले बाकीचे पेशंट माना वळवून बघायला लागले. डॉक्टरने त्यांना खांद्याला धरून आडवं केलं. मग तिने शमिकाला विचारलं की त्या डब्यात काय काय असतं. शमिकाने फोनवर डब्याचा फोटो काढून ठेवला होता, तो पाहून ती वाचायला लागली: तुळस, दालचिनी, जास्वंद, मुलेठी.

"आणि काढ्यात?"

"ज्येष्ठमध," मंदाकिनी म्हणाली. मुलेठी म्हणजेच ज्येष्ठमध, हे भोपाळच्या कुठल्या मराठी बाईला सांगावं लागत नाही. त्या डब्याचं झाकण तिने रागापोटी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं, एवढंच. "पण ते काय विष आहे का? आम्ही तान्ह्या मुलांना चाटवतो."

"खोकल्याला दोन दिवस चाटवतो, काकू. दिवसातून चार-चार वेळा, महिनोन्महिने, असं पाजत नाही." डॉक्टरचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. "एवढं पोटात गेलं की ते अंगात पाणी धरून ठेवतं, प्रेशर चढवतं आणि पोटॅशियम बाहेर काढतं. तुम्ही प्रेशर उतरावं म्हणून देत होता ना? त्याच्यानेच चढत होतं. आम्ही गोळ्या वाढवत बसलो. झाडपाल्याचं आहे म्हणून कोणी सांगतही नाही."

"आणि चहा?" समीरने विचारलं.

"चहाचा इथे काय संबंध? दोन कप घेऊ द्या त्यांना आरामात."

समीर वडिलांच्या पायांशी गेला, त्यांच्या सुजलेल्या पावलावरून हात फिरवला आणि म्हणाला की मी स्वतः जाऊन गोविंदला सांगेन. नीळकंठरावांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. ते इतक्या लवकर विरघळणार नव्हते.

बाहेरच्या बाकावर त्या दोघींचं काय झालं, ते त्यांना पडद्याआडून ऐकू येत होतं. आधी शमिकाचा सूर चढला की आई, तुम्ही मला सांगायचं ना. मग मंदाकिनीचा, की मला विचारून डबा आणला होतास का. थोडा वेळ चांगली जुंपली. नंतर दोघी रडल्या. त्यानंतर कोणीतरी नाक पुसलं आणि हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं. हे ऐकून नीळकंठरावांना बरं वाटायला हवं होतं, पण त्यांना धास्ती वाटली.

आणि ती खरी ठरली. ते घरी आले, पायांत जोर आला, प्रेशर उतरलं, दोन गोळ्या बंद झाल्या, आणि सासूसुनेची युती झाली. पहिल्याच दिवशी सकाळी जवाचं पाणी समोर आलं. अकराला शहाळ्याचं पाणी. दुपारी ताक, तेही मीठ नसलेलं. दोघी आता एकमेकींना विचारून सगळं करत होत्या, मोठ्या प्रेमाने, एकीने ढवळायचं आणि एकीने आणून द्यायचं. सगळं डॉक्टरांना विचारून होतं. सगळं तब्येतीला चांगलंच होतं. विचारायचा राहिला होता फक्त तो एकच माणूस, ज्याच्या घशाखाली ते जाणार होतं. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, असं त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी शमिका अजून यायची होती. व्हरांड्यात ऊन उतरलं होतं. मंदाकिनी हातात पेला घेऊन आली. त्यात काहीतरी पांढुरकं होतं.

"हे काय आहे?"

"घ्या तर खरं. चांगलं असतं."

नीळकंठराव खुर्चीतून उठले. पेला त्यांनी तिच्या हातातून काढून कठड्यावर ठेवला आणि ते आत, सरळ स्वयंपाकघरात गेले. ती मागोमाग आली. "काय हवंय? मी देते ना," ती म्हणाली. त्यांनी तिला दारातच थांबवलं. चहा मी करणार आहे, मधे पडायचं नाही, असं बजावलं.

मग त्यांची पंचाईत झाली. टर्बाइनचा एकेक नट ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या घरातली चहापत्ती कुठे असते ते माहीत नव्हतं. एकसारख्या स्टीलच्या डब्यांची रांग होती. पहिल्यात रवा निघाला. दुसऱ्यात डाळ. तिसऱ्यात काहीतरी बारीक, तपकिरी, वासाचं. जिरं असेल की आणखी काही, ते कळलं नाही. पत्ती सापडली ती खालच्या फळीवर, मागे ढकललेली. लायटर चारदा दाबला तेव्हा गॅस पेटला. आलं किसणीवर किसताना बोट सोललं. दूध उतू गेलं आणि बर्नर विझला. मंदाकिनी दाराला टेकून हे सगळं बघत होती. तिने एकदाही हात पुढे केला नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहायला त्यांना सवड नव्हती.

शेवटी चहा झाला. थोडा जास्त उकळलेला, पण चहा. त्यांनी दोन कप भरले, एकेक करून बाहेर नेले, एक तिच्या खुर्चीपाशी ठेवला आणि मोठ्या समाधानाने आपल्या खुर्चीत बसले. बशीत ओतला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला. इतक्या महिन्यांनी तो घशातून खाली गेला, तसे त्यांचे डोळे मिटले. जगात न्याय आहे, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

डोळे उघडले तर मंदाकिनी कपावर बशी झाकून बसली होती, नेहमीसारखी. पीत मात्र नव्हती.

"पी की. गार होतोय."

"मी चहा घेत नाही."

"घेत नाही म्हणजे? आज?"

"समीरच्या वेळेपासून नाही. तेव्हा जी जळजळ सुरू झाली ती गेलीच नाही. दुधाचा चहा मला सोसत नाही."

नीळकंठरावांनी मनात हिशेब केला. समीरची आता चाळिशी जवळ आली होती.

"मग रोज पाचला, माझ्याबरोबर बसून काय पीत होतीस?"

"ओव्याचं पाणी. कधी मागच्या गवती चहाची पात टाकून. तुमच्याशेजारीच बसायचे की. बशी उचलून कधी बघितलंत?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण त्यात अशी काही धार होती, जी त्यांनी या बाईच्या आवाजात कधी ऐकली नव्हती. किंवा कदाचित ती असायची आणि ते पेपर वाचत असायचे. त्यांना रागच आला आधी. एवढी वर्षं आपण जिला चहाची सोबतीण समजलो, ती चहा घेतच नव्हती, आणि आपण वेड्यासारखे रोज तेच सुभाषित ऐकवत होतो.

"मला सांगायचं तरी," ते म्हणाले. "एका शब्दाने सांगायचं."

मंदाकिनीने त्यांच्याकडे पाहिलं.

"मला कोणी विचारलं का?" ती म्हणाली.

वॉर्डभर गेलेलं त्यांचं स्वतःचं वाक्य होतं ते. व्हरांड्यात ते हळू बोललं गेलं, तरी त्यांना ते जास्त मोठ्याने ऐकू आलं. इतके महिने जपलेला, मुलावर, सुनेवर, टपरीवाल्यावर, डब्यावरच्या सोनेरी अक्षरांवर उगारलेला सगळा राग त्यांच्या हातात तसाच होता, आणि आता तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस समोर दिसत नव्हता. गल्लीतून कोणाची तरी स्कूटर गेली. त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला, कारण तो टाकून देण्याइतके ते शहाणे झाले नव्हते. मग उठून तिच्यासमोरचा भरलेला कप उचलला आणि आत गेले.

आत कप ओट्यावर टेकला. मग त्यांचा आवाज आला.

"मंदा, ओवा कुठल्या डब्यात असतो?"

मंदाकिनीने खुर्चीत पाठ टेकली. समोरच्या गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती, तिकडे ती बघत राहिली.

"शोधा," ती म्हणाली.

आत डब्यांची झाकणं एकामागून एक उघडायला लागली. एक झाकण फरशीवर पडून गरगरत गेलं, तरी ती उठली नाही.